मुक्तांगण: पेशंटांनी घडवलेली संस्था

२९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे उद्घाटन पु. ल. देशपांडे यांच्या हस्ते झाले. २०२६ च्या ऑगस्टमध्ये त्याला चाळीस वर्षे होतात. संस्थेचा इतिहास म्हटला की स्थापना, इमारत, देणगीदार, पुरस्कार अशी उतरंड रचायची रीत आहे. त्यातले लागेल तेवढे पुढे येईलच. पण बारामती-इंदापूरच्या वाचकांसाठी लिहायला बसल्यावर मला या इतिहासातला एकच धागा हातात धरावासा वाटतो. इथले उपचार कसे असावेत, हे ठरवण्यात खुद्द पेशंटांचा वाटा फार मोठा होता. तो त्यांना घेऊ दिला, यातच संस्थापकांचे खरे धाडस होते.

गर्दची वर्षे

त्या काळात मुंबई-पुण्यात ‘गर्द’ नवा होता. अफगाणिस्तान-पाकिस्तानकडून येणारे अशुद्ध, तपकिरी हेरॉइन म्हणजे ब्राऊन शुगर. रस्त्यावर तिला गर्द म्हणत आणि ओढणाऱ्याला गर्दुल्ला. दारुड्या गावाला माहीत होता. गाव त्याच्यावर हसायचे, तमाशात आणि सिनेमात त्याचे सोंगही निघायचे. गर्दुल्ला मात्र कोणाला उमगत नव्हता. कॉलेजात जाणारा, चांगल्या घरातला मुलगा एकाएकी घरातल्या वस्तू विकू लागे, आणि हे काय चालले आहे ते कळेपर्यंत आईवडिलांचे कपाट रिकामे झालेले असे. १९८५ मध्ये केंद्र सरकारने अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला. त्यात शिक्षा भरपूर होत्या. पण या मुलांवर उपचार कुठे करायचे, याची सोय फारशी नव्हती.

डॉ. अनिल अवचट ओतूरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातले. शिकले डॉक्टरकी आणि केली पत्रकारिता. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट, म्हणजे अवचटांच्या लेखनातून मराठी वाचकांना ठाऊक असलेल्या सुनंदा, मनोविकारतज्ज्ञ म्हणून येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरीला होत्या. ओळखीच्या घरातला एक मुलगा गर्दच्या नादी लागल्याचे निमित्त झाले. अवचट त्या विषयात शिरले, अड्ड्यांवर हिंडले, व्यसनी मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी तासन् तास बोलले आणि त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. या मुलांसाठी केंद्र काढा, म्हणून त्यांनी एक लाख रुपये दिले. १९८६ साली ही रक्कम लहान नव्हती. मुक्तांगणचा जन्म असा आधी ऐकण्यातून आणि मग लिहिण्यातून झाला. पुढे जे घडले त्याचे बीज मला या क्रमात दिसते. अवचटांनी व्यसनाची पहिली माहिती व्यसनी माणसांकडून घेतली, पुस्तके त्यांनी नंतर उघडली.

जागा मिळाली ती मनोरुग्णालयाच्या आवारात. २,५४० खाटांचे हे रुग्णालय देशातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत मोडते. आपल्याकडे ‘याला येरवड्याला पोचवा’ ही जवळजवळ शिवीच आहे. येरवड्याला तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही, त्यामुळे बोलणाऱ्याला नेमके कोणते अपेक्षित आहे हेही सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी ‘मुक्तांगण’ हे नाव लावायचे म्हणजे थोडा खट्याळपणाच म्हणायचा. पुढे आळंदी रस्त्यावर मोहनवाडीत संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली.

मोठ्या मॅडम आणि त्यांचे शिक्षक

अनिताताईंना मुक्तांगणमध्ये सगळे ‘मोठ्या मॅडम’ म्हणत आणि अवचटांना ‘बाबा’. मोठ्या मॅडमचा पिंड मनोविकारतज्ज्ञाचा. निदान, औषध, नोंद ही त्यांची रोजची कामे. पण व्यसनाच्या बाबतीत डॉक्टरचे ज्ञान कुठे संपते, हे त्यांनी फार लवकर ओळखले.

डॉक्टरला काय माहीत असते? दारू अचानक थांबली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना झटके येतात, भिंतीवर नसलेली माणसे दिसतात, आणि वेळेवर औषध मिळाले नाही तर जीवही जाऊ शकतो. गर्द थांबला की अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. पेशंटांच्या भाषेत ही ‘टर्की’. यावर औषधे आहेत, ती डॉक्टरनेच द्यायची असतात आणि तिथे अनुभवाच्या गोष्टी सांगून भागत नाही. पण टर्की आठवड्या-दहा दिवसांत ओसरते. अकराव्या दिवशी त्या माणसाच्या डोक्यात काय चालते? तो एकदम गोड का बोलायला लागतो? आईला भेटायचे आहे म्हणून रडतो तेव्हा त्याला खरेच आई हवी असते की गेटबाहेरचा रस्ता? पुडी कुठे दडवता येते? बायकोला दिलेले वचन कोणत्या वळणावर मोडते, पगाराच्या दिवशी की पगाराच्या आदल्या दिवशी? याची उत्तरे फक्त त्या वाटेने गेलेल्याकडे असतात.

बरी होऊन घरी जाणारी मुले परत येत होती, कारण घरी काम नव्हते, मित्र तेच होते आणि अड्डाही तोच होता. अनिताताईंनी बरे झालेल्यांपैकी काहींना मुक्तांगणमध्येच काम दिले. कोणी वॉर्ड सांभाळू लागला, कोणी नव्या पेशंटशी बोलू लागला. आज संस्थेतले बहुतेक कार्यकर्ते एकेकाळचे पेशंट आहेत. वाक्य लिहायला सोपे आहे. पण १९८०-९० च्या दशकात, मनोरुग्णालयाच्या आवारात, ज्याने घरात चोरी केली त्याच्या हाती कपाटाची किल्ली द्यायची, याचा अर्थ सरकारी नोकरीत वर्षे काढलेल्या कोणालाही समजेल. काही गेले तर जबाब डॉक्टरला द्यावा लागणार होता.

बहुतेक संस्थांत बरा झालेला माणूस वर्धापनदिनाला बोलावतात. तो स्टेजवर येतो, आपली कहाणी सांगतो, टाळ्या घेतो, शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो. दुसऱ्या दिवशी संस्था कालच्यासारखीच चालते. मुक्तांगणमध्ये त्याला रोजचे काम मिळाले आणि अधिकार मिळाला. त्यामुळे संस्थेचे वेळापत्रक, भाषा, नियम, सगळ्यांवर त्याचा ठसा उमटला. नव्या माणसाला पहिल्यांदा भेटणारा जर सहा वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत थरथरत बसलेला असेल, तर पहिला प्रश्न ‘किती वर्षे पिताय?’ हा येत नाही. ‘झोप लागतेय का?’ असा येतो. व्यसन्याला तासभर उपदेश ऐकवणे व्यर्थ आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही, कारण त्याने तो उपदेश आपल्या सासऱ्याकडून, मुकादमाकडून, साहेबाकडून शंभरदा ऐकलेला असतो आणि प्रत्येकदा त्यानंतर प्यायलेला असतो.

उपचाराचा मुक्काम पस्तीस दिवसांचा आहे. शरीरातून नशा निघायला पहिले काही दिवस लागतात, उरलेले दिवस माणसासाठी. योगासने, गटात बसून बोलणे, समुपदेशन, वॉर्डातली कामे, गाणी असा दिनक्रम असतो. अवचटांचा ओरिगामीचा, बासरीचा आणि लाकडात कोरीव काम करण्याचा नाद सगळ्यांना माहीत आहे. बाहेरच्याला ही करमणूक वाटेल. पण व्यसन सुटल्यावर माणसापुढे सर्वांत मोठी अडचण उभी राहते ती संध्याकाळची. सहा ते दहा या वेळाचे करायचे काय? हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात नाही. तो पेशंटांच्या बोलण्यात पहिल्या दिवसापासून आहे.

आणि ‘स्लिप’. सुटलेले व्यसन पुन्हा लागले की त्याला इथे स्लिप म्हणतात. घरच्यांच्या लेखी तो विश्वासघात असतो, शेजाऱ्यांच्या लेखी ‘आम्ही म्हटलेच होते’, आणि पुष्कळ डॉक्टरांच्या लेखी वाया गेलेली केस. ज्यांची स्वतःची दोन-तीनदा स्लिप झालेली आहे अशा माणसांनी चालवलेल्या संस्थेत परत आलेल्याला दार उघडे मिळते आणि मग बसून विचारले जाते: कोणत्या दिवशी, कोणाबरोबर, त्याआधी काय झाले? स्लिपकडे असे बघितल्याने पाठपुरावा हा उपचाराचाच भाग ठरला.

हे सारे मुक्तांगणने शून्यातून काढले असे नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ नावाचा सर्जन, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांशी बोलून पिण्यापासून दूर राहू लागले. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ‘एए’, जन्माला आले. तिथे फी नाही, डॉक्टर नाही, पदाधिकाऱ्यांचा थाट नाही. एक दारुडा दुसऱ्याला फक्त आजचा दिवस निभावायला मदत करतो. एएची ही रीत आणि तिच्या बारा पायऱ्या मुक्तांगणने घेतल्या, आणि त्यांना डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक यांची जोड दिली. एएमध्ये व्यावसायिक नाहीत, सरकारी रुग्णालयात पेशंटचा शब्द नाही. मुक्तांगण या दोहोंच्या मधल्या जागेत उभे राहिले. पुढे केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने व्यसनमुक्तीतल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्याचे काम मुक्तांगणकडे सोपवले. एकेकाळचे पेशंट इतर संस्थांतल्या पदवीधरांना शिकवू लागले.

अनिताताई कर्करोगाशी झुंजत असतानाही मुक्तांगण सांभाळत राहिल्या. १९९७ मध्ये त्या गेल्या. त्यांची कन्या, मानसशास्त्र शिकलेल्या मुक्ता पुणतांबेकर, आज संस्थेची धुरा वाहतात. २७ जानेवारी २०२२ रोजी अवचटही गेले. संस्थापक गेले की संस्थेची पाटी राहते आणि जीव जातो, हा महाराष्ट्रातला नेहमीचा अनुभव. मुक्तांगण तगले याचे एक कारण घराणे हे आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. दुसरे कारण असे की रोजचा कारभार कधीच दोन माणसांच्या हाती एकवटला नव्हता.

घरची माणसे

व्यसन एकाला, आजार घराला. हे वाक्य सगळेच म्हणतात. प्रश्न असतो घराला खुर्ची देण्याचा. मुक्तांगणमध्ये पेशंटांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला. नवऱ्याला सुधारण्याचे धडे द्यावेत एवढाच त्याचा हेतू असता तर बायकांनी तो महिन्याभरात सोडला असता. वीस वर्षे मार खाल्लेली, नवऱ्याच्या खिशातले पैसे लपवायला शिकलेली, सासरी ‘हिच्याच पायगुणाने’ ऐकलेली बाई दुसऱ्या तशाच बाईसमोर प्रथमच मोकळी होते. तिच्या बोलण्यातून संस्थेलाही शिकायला मिळते. नवरा दारू सोडून घरी परतला की घरात आनंदीआनंद होतो, ही बाहेरच्यांची समजूत. सहचरीतल्या बायका सांगतात ते वेगळे असते. इतकी वर्षे घर तिने चालवलेले असते, पैशाचे व्यवहार तिने केलेले असतात, आणि आता शुद्धीवर आलेला नवरा हिशेब मागतो. पहिले भांडण तिथे होते. म्हणून घरी परतण्याची तयारी दोघांची करून घ्यावी लागते. पुढे स्त्रियांच्या व्यसनासाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग झाला. बाई पिते हे कबूल करायलाच आपल्याकडे घर तयार नसते. पुरुषांच्या वॉर्डाच्या कोपऱ्यात दोन खाटा टाकून तिची सोय होत नाही.

पुण्यातली आणखी दोन घरे

व्यसनातून उठलेला माणूस बोलू लागला की समाज थोडे तरी ऐकतो. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात हे फार उशिरा घडले. ‘वेड्याचे काय ऐकायचे’ ही आपली जुनी पळवाट आहे. तिथे आधी बोलले ते घरचे.

डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे, कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे ‘सा’, उभी राहिली. शुभंकर, म्हणजे सांभाळणारे, आणि शुभार्थी, म्हणजे आजार भोगणारे, हे शब्द त्या वर्तुळातून मराठीत रुळले. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) वाणी यांच्या पुढाकाराने झाला. अतुल कुलकर्णींचा शेष आणि त्याला सांभाळताना घायकुतीला आलेली सोनाली कुलकर्णींची सीना पाहून कित्येक घरांना आपल्या घरात काय चालले आहे ते पहिल्यांदा कळले. ‘सा’मधूनच पुढे आलेल्या रेश्मा वल्लियप्पन यांनी स्वतःच्या आजाराविषयी उघडपणे बोलायला सुरुवात केली, ‘अ ड्रॉप ऑफ सनशाइन’ हा त्यांच्यावरचा माहितीपट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला.

दुसरे घर बापू ट्रस्ट. भार्गवी दवार यांनी १९९९ मध्ये पुण्यात तो स्थापन केला. त्यांच्या आईला मनोरुग्णालयांत जे भोगावे लागले ते त्यांनी लहानपणी पाहिले होते. मनाविरुद्ध डांबणे, मनाविरुद्ध औषध, या साऱ्याला त्यांचा ठाम विरोध होता. २०२४ मध्ये त्या गेल्या. पुण्याच्या वस्त्यांत त्यांच्या संस्थेने उभा केलेला ‘सेहर’ हा कार्यक्रम रुग्णालयाच्या बाहेर, शेजारपाजाराच्या बळावर माणसाला सावरायचा प्रयत्न करतो.

या दोन घरांत एक खरा मतभेद आहे आणि तो झाकू नये. रात्री दोन वाजता मुलगा घरातले सामान फोडतो आहे, चार दिवस जेवलेला नाही, औषध घेत नाही. अशा घरातल्या बापाला दाखल करण्याची सोय सोपी हवी असते. ज्याला हातपाय बांधून दाखल केलेले आहे त्याला मात्र ती सोय अवघडात अवघड हवी असते. दोघेही अनुभवातूनच बोलतात. ‘अनुभवी माणसांना सामील करून घ्या’ असे म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की त्यांच्यापैकी कोणाला? सांभाळणाऱ्याच्या तोंडून भोगणाऱ्याचे म्हणणे ऐकले म्हणजे काम झाले, असे समजणारी समिती सोयीचे तेवढेच ऐकते. मुक्तांगणला हा पेच त्या मानाने सोपा गेला, कारण तिथे पेशंट आणि सहचरी यांचे गट वेगळे बसतात आणि दोघांची बाजू वेगवेगळी मांडली जाते.

उलट बाजू

कौतुकाच्या भरात एक गोष्ट निसटू नये. स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाने काढलेले केंद्र म्हणजे चांगले केंद्र, असे मुळीच नाही. मुक्तांगणच्या यशानंतर राज्यात व्यसनमुक्ती केंद्रांचे पीक आले. त्यात चांगली कामे आहेत: साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९९१ मध्ये सुरू केलेले ‘परिवर्तन’ त्यातलेच. पण देशभरात अशीही केंद्रे निघाली, जिथे कालचा व्यसनी आजचा जमादार झाला. ‘मी मार खाऊन सुधारलो, तूही सुधारशील’ हेही अनुभवाचेच बोल आहेत. मारहाण झाली, साखळ्या निघाल्या, पोलिसांत तक्रारी गेल्या. सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचे दुःख आपोआप कळते ही समजूत भाबडी आहे. एका माणसाचा अनुभव हा एका माणसाचाच असतो. तो गटात बोलला गेला, प्रशिक्षणातून तासला गेला, वर कोणी विचारणारे असले, तरच त्याचे कामाचे ज्ञान होते. शिवाय कार्यकर्ता स्वतः स्लिप होऊ शकतो. तेव्हा त्याचा पगार, त्याची जागा, त्याची अब्रू यांचे काय करायचे, हे आधी ठरवून न ठेवणारी संस्था त्याला वापरून घेते.

कायद्यातल्या खुर्च्या

मानसिक आरोग्य सेवा कायद्याला ७ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २९ मे २०१८ पासून तो लागू झाला. त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणाऱ्या मानसिक अवस्थाही घेतल्या. पुढे आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे बरे असताना लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमण्याचा हक्क पेशंटला मिळाला. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर आजार भोगलेल्यांचे दोन प्रतिनिधी आणि सांभाळणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी असावेत, असेही त्यात आहे. जिल्ह्यातल्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनरावलोकन मंडळात सहा जण. न्यायाधीश अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, दोन डॉक्टर आणि उरलेल्या दोन जागा पेशंट, सांभाळणारे किंवा या क्षेत्रातल्या संस्था यांच्यासाठी. त्या ‘किंवा’कडे नीट पाहावे. दोन्ही जागा संस्थाचालकांनी भरल्या तरी कायदा मोडत नाही. सहकारी कारखान्यांच्या संचालक मंडळावर राखीव जागा कशा भरल्या जातात, हे बारामती-इंदापूरच्या सभासदाला मी सांगायची गरज नाही.

ऊस, मळी आणि माळ

आता आपल्या मुलखाकडे. नीरा डाव्या कालव्याने या भागाला ऊस दिला, उसाने कारखाने दिले: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे छत्रपती. एक टन ऊस गाळला की साखरेबरोबर चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते, आणि देशी दारूचे मूळ त्या मळीत आहे. उसाचे बिल खात्यावर जमा होते त्या आठवड्यात गावातल्या दुकानाची गर्दी पाहिली की हे चक्र पुरे होते. हंगामात बाहेरून आलेली ऊसतोड कुटुंबे, अंगावर घेतलेली उचल, पहाटेची थंडी, आणि कोपीत पिऊन पडलेला गडी. त्याच्या वाटणीचा कोयताही बायकोच चालवते. यांच्यासाठी पस्तीस दिवसांचा मुक्काम हा उपाय नाही. पस्तीस दिवस फड थांबत नाही, आणि मुकादम तर त्याहून नाही.

आपल्याकडे व्यसन सोडवायची एक जुनी रीत आहे: माळ घालणे. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर अशी सराटीकडे जाते, बेलवाडीला आणि इंदापूरला रिंगण होते. त्या दिंड्यांत असे कितीतरी माळकरी भेटतात की ज्यांनी दारू सोडली ती तुळशीच्या माळेसाठी. माळेबरोबर दिंडी मिळते, संध्याकाळी हरिपाठाला सोबत मिळते, सहा ते दहाचा प्रश्न सुटतो. एएच्या गटात जे घडते त्यातले बरेच काही इथे आधीपासून आहे. फरक पडतो तो पाय घसरल्यावर. माळकरी प्यायला की पाप झाले, माळ उतरली, आणि लाजेने तो दिंडीलाच दुरावतो. नेमक्या ज्या दिवशी सोबत हवी त्या दिवशी ती सुटते. मुक्तांगणमध्ये त्या दिवशी तो परत येतो.

बायकांनीही आपल्या परीने सेवा घडवायचा प्रयत्न केलेला आहे. राज्याच्या नियमानुसार गावातल्या निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले तर दारूचे दुकान बंद होते. भोगणाऱ्यांच्या मताला थेट वजन देणारी इतकी स्पष्ट तरतूद आपल्या आरोग्यव्यवस्थेत दुसरी मला तरी दिसत नाही. पण दुकान बंद झाल्यावर पिणाऱ्याने कुठे जायचे, हे त्या मतपत्रिकेवर नसते. टर्कीने थरथरणारा माणूस शेजारच्या गावी किंवा हातभट्टीवर जातो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६) दाखवले की दारूच्या विकारात सापडलेल्या शंभरांपैकी सुमारे शहाऐंशी जण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत.

पोहोचायचे तर कुठे? बारामतीहून येरवडा शंभर किलोमीटर, इंदापूरहून एकशे चाळीसच्या आसपास. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय आहे, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि देशात १९९६ मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा फोन क्रमांक २०२२ पासून चालू आहे. म्हणजे साधने अगदीच नाहीत असे नाही. मुक्तांगणच्या चाळीस वर्षांतून इथे उचलण्यासारखी इमारत नाही आणि पस्तीस दिवसही नाहीत. उचलायची ती नेमणूक. तपासणीच्या खोलीबाहेर, केसपेपरच्या रांगेजवळ, दारू सोडून तीन-चार वर्षे झालेला याच तालुक्यातला एक माणूस आणि सहचरी झालेली एक बाई, दोघेही पगारी, प्रशिक्षण घेतलेले, आणि तपासणीचा वार कोणता असावा इथपासून बोलायचा अधिकार असलेले. वार ठरवायला त्यांना विचारले तर ते बहुधा आठवडे बाजाराचा दिवस सांगतील. त्या दिवशी इंदापूरला किंवा बारामतीला कशाला गेला होतास, असे गावात कोणी विचारत नाही.